डावा हात उद्या

दाराची साखळी न काढता, फटीतून एक डोळा आणि अर्धी पांढरी दाढी दाखवत ते विचारायचे, "कोणी पाठवलान तुम्हाला?"

गॅसवाला असो, कुरिअरवाला असो, की शिरखुर्म्याचं रिकामं भांडं परत द्यायला गेलेली माझी बायको असो, प्रश्न हाच. "कोणी नाही हो चाचा, मीच आल्ये," ती म्हणायची. मग साखळी निघायची, पण चाचांची नजर तिच्या खांद्यावरून जिन्याकडे जायची. मागे आणखी कोणी उभं नाही ना?

तुमच्याही इमारतीत असे एखादे गृहस्थ असतील. त्यांना दुधात पाणी दिसतं, पाण्यात क्लोरीन लागतं आणि लिफ्ट जरा हलली की सेक्रेटरीचा हात दिसतो. साळवी स्टॉपजवळच्या आमच्या इमारतीत ते चाचा होते. माझ्या समोरच्याच दारात राहायचे. सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झालेली. "तिथे काट्यावर भरवसा ठेवून चालत नाही, मास्तर. काटा खोटं बोलतो. पाइपला हात लावून बघायचा," असं ते मला सांगायचे. जहाज सुटलं, काटे सुटले, पण खात्री करून घ्यायची सवय राहिली. बायको वारल्यावर ती जरा वाढलीच. एकुलती एक मुलगी, नसीम, मस्कतच्या इस्पितळात नर्स. ती रोज व्हिडिओ कॉल करायची आणि चाचा तिचंही बोलणं तपासून घ्यायचे.

मी पेटी आणि कीबोर्ड शिकवतो. म्हणून तो लांबलचक खोका आला तेव्हा चाचांनी माझं दार वाजवलं.

"नसीमने पियानो पाठवलान म्हणे. तुम्ही कापा, मी शूटिंग करतो. आत दगड निघाला तर पुरावा हवा."

उजव्या हातात मोबाइल धरून ते उभे राहिले आणि मी पट्ट्या कापल्या. थर्माकोलमधून फळीसारखा सडपातळ काळा पियानो बाहेर आला. चाचांनी तो खालून, वरून, बाजूने पाहिला.

"एवढाच? पियानो कपाटाएवढा असतो. जहाजावर बघितलाय मी."

"हा पोर्टेबल आहे चाचा. बॅगेत घालून कुठेही नेता येतो."

"म्हणजे चोरालाही नेता येतो."

स्टँड कात्रीसारखा उघडणारा होता. मी त्याची उंची लावली, खिळी अडकवली. चाचांचा खिळीवर विश्वास बसेना. आतून नायलॉनची दोरी आणून त्यांनी स्टँडचे पाय बांधले. दोरीचं एक टोक उजव्या हातात, दुसरं दातांत. बघता बघता गाठ बसली. खलाशी माणूस, अशीच सवय असेल, असं मला वाटलं.

अडॅप्टर लावला. जळल्याचा वास येतो का ते त्यांनी नाक लावून पाहिलं. मग खुर्चीवर ऐटीत बसले, पायाखाली पेडल घेतलं आणि स्वतःच बटण दाबलं. पाय उचलून एक पट्टी दाबली तर सूर निघाला तो थांबेचना. दुसरी दाबली, तिचाही सूर पहिल्यात मिसळून घुमत राहिला. पेडल दाबलं की आवाज बंद, सोडलं की परत घुमणं सुरू.

"उलटं आहे," चाचा गारपणे म्हणाले. "फसवलान. वाटलंच होतं मला."

मलाही क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, चालू करताना त्यांचा पाय पेडलवर होता. मी पियानो बंद केला, त्यांना पाय मागे घ्यायला लावला आणि पुन्हा सुरू केला. सगळं सरळ झालं. "सुरू होताना पेडल जसं असेल तीच त्याची मोकळी स्थिती, असं हा धरून चालतो," मी समजावलं.

"म्हणजे याचाही गैरसमज होतो तर," चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या पियानोवरून मायेने हात फिरवला.

तेवढ्यात नसीमचा कॉल आला. तिने मोबाइल मला द्यायला सांगितला. "सर, जहाजावर त्यांना एका मित्राने थोडं शिकवलं होतं. हौस आहे त्यांना. तुम्ही जरा पुढे शिकवा. आणि दर शुक्रवारी मला रेकॉर्डिंग पाठवायला सांगा. दोन्ही हातांचं हं सर, दोन्ही हातांचं."

कॉल संपल्यावर चाचा म्हणाले, "ऐकलंत? दोन्ही हातांचं. दोनदा सांगितलान."

"अहो, पियानो दोन्ही हातांनीच वाजवतात."

"हौस माझी जुनी आहे मास्तर. तिला आत्ताच कशी आठवली?"

मी हसण्यावारी नेलं. रेकॉर्डिंग कसं करायचं ते दाखवलं. त्या पियानोत आधी एका हाताचं वाजवून साठवता येतं आणि मग त्यावर दुसऱ्या हाताचं चढवता येतं. शिकणाऱ्याला फार सोयीचं. चाचांनी ते माझ्याकडून पुन्हा करवून घेतलं आणि मग आणखी एकदा. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

शिकवणी सुरू झाली. उजवा हात झकास चालायचा. त्यांच्या खाडीकाठच्या गावात मेंदीच्या वेळी बायका एक गाणं म्हणत. चाचांची बायकोही स्वयंपाक करताना ते गुणगुणायची म्हणे. ती चाल त्यांनी स्वतःच पट्ट्या चाचपत बसवली होती. मी म्हणायचो, "आता डाव्या हाताने खाली साथ देऊ."

"डावा हात उद्या," चाचा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशीही उत्तर तेच. कधी "आज डाव्याला मूड नाही," कधी "तो लाजतो तुमच्यासमोर." डावा हात कुर्त्याच्या खिशात असायचा. मी समजायचो, आळस. पण शुक्रवारी ते मला रेकॉर्डिंग ऐकवायचे आणि मी चकित व्हायचो. वर मेंदीची चाल आणि खाली भक्कम, ठाम सूर. एकही चूक नाही.

"कधी केलंत हे?"

"तुम्ही गेल्यावर. एकटा असलो की जमतं."

इमारतीत मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. दुपारी चाचा कानांवर हेडफोन लावून खिडकीपाशी बसत. बाहेरून आवाज काहीच नाही, फक्त एक म्हातारा माणूस काळ्या फळीवर बोटं आपटतोय. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "तो कॉम्प्युटर आहे का हो? आमच्याविरुद्ध अर्ज टाइप करतायत की काय?" पियानो आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा आणखीच साशंक झाला. "मग वाजत का नाही?"

हळूहळू संशय माझ्याही डोक्यात शिरला. ते रेकॉर्डिंग मला खटकायला लागलं. डावा हात शिकताना अडखळतो, मागे पडतो. यांचा डावा तर उजव्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. अंगठ्याचा तोच दाब, तीच किंचित घाई. दोन हात एकाच माणसाचे असले तरी ते भावंडांसारखे असतात, एकसारखे नसतात. इथे तर एकच हात दोनदा ऐकू येत होता.

एका दुपारी मी जिना चढत होतो. त्यांच्या घरातून खालचे सूर ऐकू आले. हेडफोन लावायला विसरले असावेत. गॅलरीकडची खिडकी उघडी होती. मी पाहिलं. चाचा खुर्ची बरीच डावीकडे सरकवून बसले होते आणि खालच्या पट्ट्या उजव्या हाताने वाजवत होते. डावा हात मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. साथ संपली. त्यांनी खुर्ची उजवीकडे ओढली, बटण दाबलं, आणि त्याच उजव्या हाताने वरची चाल सुरू केली.

मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसलो.

"कधीपासून उभे आहात?"

"आत्ताच आलो."

"खोटं," चाचा म्हणाले. मग उठले, दार सताड उघडलं. साखळीबिखळी काही नाही.

मी समोर बसलो. थंडीच्या दिवसांत एका सकाळी शर्टाचं बटण लागेना, म्हणाले. हात सुन्न झाला होता, तोंडही जरा वाकडं झालं होतं. दुपारपर्यंत तोंड सरळ झालं. हात काही पूर्ण जागेवर आला नाही.

"डॉक्टरकडे गेलात?"

"नाही."

"आणि नसीमला?"

"तिला कशाला सांगतो! मास्तर, जहाजावर माणूस निकामी झाला की पुढच्या बंदराला उतरवतात. त्याच्या बॅगा दुसराच कोणीतरी भरतो. मी भरल्यायत अशा बॅगा. तिला कळलं की ती येणार आणि माझी बॅग भरणार. तिला आला आहे वास. म्हणून तर हा पियानो पाठवलान. भेट नाही ती, काटा आहे. हात चालतो की नाही ते बघायचा."

मी एवढंच म्हटलं, "चाचा, तुम्हीच सांगता ना, काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, हात लावून बघायचं. मग डॉक्टरला एकदा हात लावून बघू दे."

"तुम्ही तिला सांगाल. तुमच्या तोंडावर दिसतंय."

नाही सांगणार, असा मी शब्द दिला आणि सांगितलंही नाही. पण त्याच आठवड्यात तिचाच फोन मला आला. "सर, खरं सांगा. ते कॉलवर डावा हात दाखवत नाहीत. विचारलं की विषय बदलतात. रेकॉर्डिंग तर इतकं चांगलं येतं की मला भीती वाटते. अब्बांचा डावा हात चालतो ना?"

चालतो म्हणणं शक्य नव्हतं आणि शब्द मोडवत नव्हता. मी म्हटलं, "नसीम, तू एकदा येऊन जा."

ती म्हणाली, "कळलं सर."

ती न कळवता आली. माझी शिकवणी चालू असतानाच बेल वाजली. चाचांनी फटीतून डोळा लावला, पण त्यांचा नेहमीचा प्रश्न तोंडातच राहिला. नसीम आत आली, बुरख्यावर प्रवासाच्या सुरकुत्या तशाच. सलाम केला, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "वाजवा अब्बा."

"आधी पाणी तरी पी."

"वाजवा."

चाचांनी उजव्या हाताने मेंदीची चाल वाजवली. पूर्ण वाजवली. नसीम उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिने प्लास्टिकचं स्टूल ओढलं, त्यांच्या डाव्या बाजूला बसली, त्यांचा हात मांडीवरून उचलला आणि पट्ट्यांवर ठेवला. चाचा भिंतीकडे बघत होते.

"दाबा."

"ऐकत नाही तो."

"बघू तर."

बोट हललं. पट्टी जेमतेम खाली गेली. इतका बारीक आवाज आला की आम्ही तिघांनी तो ऐकला की ऐकल्याचा भास झाला, सांगता येत नाही. मी पुढे होऊन पियानोची सेटिंग बदलली. हलक्या हातांसाठी एक सोय असते. कितीही हळू दाबलं तरी सूर पूर्ण निघतो. "आता दाबा."

आता दाबल्यावर खर्जातला गोल, भरदार सूर खोलीभर पसरला.

चाचा दचकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मशीन वाढवतंय. मी नाही."

"पट्टी कोणी दाबली?" नसीमने विचारलं.

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा. तोच सूर, एकटाच. नसीम रडत होती, पण हात तिने त्यांच्या हाताखालून काढला नव्हता.

"कधी नेणार मला?" चाचांनी विचारलं.

"न्यायला नाही आले. उद्या डॉक्टरकडे जायचंय, इथल्याच. बाकीचं तुम्ही ठरवा."

यावर चाचांचा अर्थातच विश्वास बसला नाही. तिच्या बॅगेत त्यांचं तिकीट आहे का, हे मला बघायला सांगत होते. तिकीट नव्हतंच. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, व्यायाम सुरू झाले. उशीर झाला होता, पण सगळंच गेलं नव्हतं. नसीमची रजा संपत आली तशी ती घाबरी झाली. चाचा मात्र विचारात पडले होते. एक दिवस मी गेलो तर ते पियानोच्या स्टँडची दोरी सोडत होते.

"हे काय?"

"मस्कतला जातोय. पावसाळा संपेपर्यंत. तिने नाही म्हटलान एकदाही चला म्हणून. म्हणून जातोय." मग आवाज खाली आणला. "आणि माझी बॅग मीच भरणार आहे."

बॅग त्यांनी खरंच एकट्याने भरली. आम्ही बाहेर उभे होतो. चेन लावायला त्यांना फार वेळ लागला. नसीम दोनदा पुढे झाली, दोनदा मी तिला खुणेने थांबवलं. पियानो त्याच्या लांब काळ्या पिशवीत घालून मी रिक्षापर्यंत नेला. सेक्रेटरी गेटपाशी उभे होते. त्यांनी पिशवीकडे बघत मला हळूच विचारलं, "नक्की पियानोच ना?"

पावसाळा आला आणि गेला. चाचा आले नाहीत. तिकडचे उपचार मानवतायत, असं नसीम कळवायची. समोरच्या दारावर कुलूप आहे. कोणी जिना चढलं तरी ते दार आता कोणाची चौकशी करत नाही.

मागे एका शुक्रवारी त्यांच्याकडून रेकॉर्डिंग आलं. खाली लिहिलं होतं, "फक्त डावा." मी ऐकलं. मेंदीची चाल, खालच्या पट्टीत. चांगली होती. माझ्या मनात जे यायचं ते आलंच. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला.

"चाचा, खरंच डावा?"

ते इतके हसले की मोबाइल हलला. "बघा! आता तुम्ही विचारताय."

नसीमने मोबाइल धरला असावा. चौकटीत फक्त पट्ट्या दिसत होत्या. कडेने डावा हात आला, थोडा थरथरत, आणि पट्ट्यांवर टेकला. चाल सुरू झाली. करंगळीजवळचं बोट मागे राहत होतं, पुढच्या सुराला जेमतेम पोचत होतं. मध्यावर ते घसरलं. भलतीच पट्टी दाबली गेली आणि एक बेसूर, ओबडधोबड आवाज निघाला. हात तिथेच थबकला. चाचा दाढीत काहीतरी पुटपुटले, बहुधा त्या बोटालाच शिवी दिली. नसीमचा आवाज आला, "परत अब्बा, पहिल्यापासून."

हात उचलला गेला, सावकाश पहिल्या पट्टीवर आला, आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.