खिडकीला ठोकलेली चंद्रकळा

अनसूया लग्न होऊन अकोल्याहून जबलपूरला आली, तेव्हा पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी, भानुमतीबाईंनी, तिला घरातली चंद्रकळा दाखवली. नेसवली नाही, नुसती दाखवली. काळंभोर रेशीम, त्यावर जरीच्या बारीक चांदण्या आणि लालभडक काठ. घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपुराहून इकडे आलेलं. भानुमतीबाईंच्या सासूनं या लुगड्यात पहिली संक्रांत केली होती, आणि तेव्हापासून ते पत्र्याच्या पेटीतच होतं.

"हात लावून पाह्य," भानुमतीबाई म्हणाल्या, "पण घडी मोडू नको."

अनसूयेचे वडील कापडाच्या दुकानात नोकरीला होते. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच चिरत जातं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. कडेवरून बोट फिरवलं तर तिथे खरखर लागली.

"आई, ही घडी बदलायला पाहिजे. नाहीतर एक दिवस आपोआप तुकडे पडतील."

"माझ्या सासूनं घातलेली घडी आहे ती."

बोलणं तिथंच संपलं. पुढं दर संक्रांतीला हाच वाद, आणि दर संक्रांतीला हाच शेवट. नवरा श्रीरंग खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, "सासूसुनेच्या लुगड्यात मला ओढू नका." अनसूया चडफडत राही. जपायचं म्हणून पेटीत कोंडायचं आणि कोंडून मारायचं, हे कसलं जपणं?

एकाहत्तरच्या पावसाळ्यात पेटीत कसर निघाली, तेव्हा कुठं भानुमतीबाई नरमल्या. थंडीत लुगडं सावलीत उघडं करायचं, मग घडी न घालता जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवायचं, असं ठरलं. इतक्या वर्षांनी अनसूयेचं कोणीतरी ऐकलं होतं.

आणि त्याच डिसेंबरात लढाई पेटली.

खमरियात तर लढाई घरातच शिरली. कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या. संध्याकाळी भोंगा झाला की क्वार्टरांमधले दिवे मालवायचे, नाहीतर खिडक्या काळ्या कापडानं झाकायच्या. काळा कागद बाजारातून गायब झाला. ब्लॅकआउटवर नजर ठेवायला शेजारचे तिवारीजी शिट्टी घेऊन फिरत.

त्या दिवशी अनसूयेनं चंद्रकळा मधल्या खोलीत खाटेवर पसरली आणि रॉकेलच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. रांग काही सरकेना. ती परतली तेव्हा अंधार पडला होता आणि घरात एकही दिवा नव्हता. श्रीरंग दोन पाळ्या करून येऊन भिंतीशी घोरत पडला होता. खाट चाचपली तर रिकामी. सासूबाई येऊन आत निजल्या होत्या; त्यांनीच उचलून ठेवली असेल, असं समजून तीही निजली.

सकाळी उजाडलं ते खिडकीतून, जरीच्या चांदण्यांमधून. काळ्या रेशमावर पलीकडचं ऊन आलं होतं आणि घडीच्या प्रत्येक रेषेतून उजेड झिरपत होता. काठात गंजके खिळे ठोकले होते. वरच्या झरोक्याला एक वेगळा तुकडा लावलेला. तो पदराचा होता, सरळ फाडलेला.

श्रीरंग दाढी करत होता.

"हे तुम्ही केलं?"

"काय? अगं, तिवारीजी शिट्ट्या मारून राहिले होते. काळं कापड दिसलं, ठोकलं. झरोक्याला कमी पडलं म्हणून जरासं फाडलं. कागदासारखं फाटलं, इतकं जुनं."

"तुम्हाला ओळखू नाही आली? आईंची चंद्रकळा?"

त्याचा वस्तरा थांबला. त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बस सुटेल," म्हणाला, आणि अर्ध्या दाढीनंच निघून गेला.

अनसूया स्टुलावर चढून एकेक खिळा उपटत असताना सासूबाई आतून आल्या. त्यांनी पाहिलं आणि दारातच बसल्या. लेकाला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, ना तेव्हा ना नंतर. सुनेला म्हणाल्या, "तू काहून बाहेर काढली? पेटीत होती तोवर धड होती."

धड नव्हती, हे सांगून तिची जीभ झिजली होती. शेजारणींना सांगावं तर त्या म्हणत, "दीदी, वहाँ जवान मर रहे हैं और तुम साड़ी को रो रही हो?" भांडायचं तर नवरा रोज डोळे लाल करून घरी यायचा, हातांना कारखान्यातल्या पिवळ्या पावडरीचा वास. त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. ढाका पडल्याची बातमी आली तेव्हा कॉलनीत पेढे वाटले. अनसूयेनं आपला पेढा नुसता हातात धरून ठेवला. तिला आनंद झाला होता, आणि आपल्याला अजून रागच येतोय याची लाजही वाटत होती.

तिनं शहरात एका रफूगराला लुगडं दाखवलं. त्यानं मान हलवली. "टाँका पकड़ेगा ही नहीं." मग घरी मलमलीवर ठेवून स्वतः टाके घालून पाहिले. सुई जिथं शिरे तिथून नवी चीर निघे. दुपारच्या दुपारी अशा गेल्या, आणि शेवटी तिनं कात्री काढली.

"कात्री लावशील तर माझ्याशी बोलू नको," भानुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द पाळला. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे पाहून म्हणायच्या, "भाजी अळणी आहे."

अनसूयेनं घड्यांच्या रेषा सोडून मधले धड चौकोन काढले आणि प्रत्येकाला मऊ मलमलीचं अस्तर लावलं. त्यातून घरात येईल त्या बाळाच्या पहिल्या संक्रांतीला घालायचं झबलं आणि टोपडं झालं. पुढची पोरं नेसणार तर नाहीत, निदान अंगावर तरी घालतील, असा तिचा हिशेब. सासूबाईंसाठी लाल काठाचा बटवा केला. तो तसाच देवळीत पडून राहिला.

नणंद विनता सिहोऱ्याला दिलेली. तिचा विष्णू तेव्हा पाच-सहा महिन्यांचा. संक्रांतीला ती माहेरी आली आणि झबलं पाहून तिचा चेहराच पडला.

"वहिनी, आईनं मला पदर कबूल केला होता. हे काय चिंध्यांचं करून ठेवलं?"

"पदर तुझ्या भावानं झरोक्याला लावला, विनताताई. त्याला विचार."

"दादा कारखान्यात मरमर करून राहिला, त्याला काय विचारू?"

बोरन्हाणाच्या वेळी विनतानं पिशवीतून बाजारचं काळं झबलं काढलं. ते पोराच्या दंडात अडकलं आणि त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. बायका जमलेल्या, बोरं-चुरमुरे तयार. तेव्हा भानुमतीबाई उठल्या, अनसूयेच्या हातून झबलं घेतलं आणि नातवाला घातलं. त्याच्या पाठीवरच्या चांदण्यांवरून त्यांनी हात फिरवला. पण सुनेशी त्या होळीपर्यंत बोलल्या नाहीत.

श्रीरंगनं कधी माफी मागितली नाही. एकदा नागपूरहून येताना त्यानं नवी चंद्रकळा आणली आणि न बोलता खाटेवर ठेवली. "झालं का यानं?" अनसूयेनं विचारलं. तो म्हणाला, "नाही. माहीत आहे मला." त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला ती तेच लुगडं नेसली, पण घुश्श्यातच.

झबलं मात्र घरोघर फिरलं. पाटणच्या भाचीकडे, नागपूरच्या चुलतघरी, मग अनसूयेची मुलगी ज्योती हिच्या लेकीला. दरवेळी परत येताना त्याला हलव्याचा चिकटा असायचा, एखादं बटण गेलेलं असायचं. अनसूया बडबडत साफ करायची. शेवटी तिनं अस्तरावर लाल दोऱ्यानं भरून टाकलं, "साबण लावू नये."

पुढच्या वर्षी ते नागपूरहून आलं ते स्वच्छ, कडक आणि साबणाच्या वासाचं. भरलेल्या अक्षरांचा लाल रंग सगळ्या अस्तरभर पसरला होता. सोबत निरोप होता, "काकू, नीट धुऊन पाठवलं आहे."

अनसूयेनं कपाळावर हात मारला. मग चष्मा लावला, अंगणात उजेडाला खुर्ची ओढली आणि अस्तराचे टाके उसवायला बसली.