झिपरीचा डोळा

दादा गेल्याचा निरोप शाळेच्या शिपायानं वर्गात आणून दिला. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, मगच शिवाजी पेठेतल्या त्याच्या घरी गेलो. थोरला भाऊ गेला म्हणजे रडू यायला हवं. आलं नाही, महिना उलटला तरी येत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, कुत्र्याच्या डोळ्यांतलं दादाला किती कळत होतं... कळत होतंच. ते तो कुणाच्या डोळ्यावर शिकला, हे मात्र कुणाला ठाऊक नाही.

झिपरी माझी कुत्री. मला मास्तरकी लागली त्या वर्षी आणलेली, पांढरी, केसाळ. तेव्हा आम्ही भाऊ एकाच घरात राहत होतो. एका रविवारी आम्ही दोघं तिला घेऊन गडमुडशिंगीला मामांच्या मळ्यावर गेलो. ती गवतातून हुंदडून आली आणि उजवा डोळा मिटून पंजानं चोळायला लागली. डोळ्यातून पाणी गळत होतं. मी म्हटलं, आज पाण्यानं धुऊ, उद्या दवाखान्यात नेऊ. दादा हसला. "मास्तर, बैलाचं डोळं मळ्यात कसं बरं करत्यात, बघ की," म्हणाला आणि गालातली तंबाखू चावू लागला. बैलाच्या डोळ्यात काही गेलं की तंबाखूची पिंक मारायची, ही तिथली रीतच होती. मला पटलं नव्हतं. तरी तो "घट्ट धर की, डोकं हलतंय" म्हणाला आणि मी धरलं. तिचं ओरडणं ऐकूनही मी हात सोडले नाहीत. दादानं तीनदा पिंक मारली.

सोमवारी जनावरांच्या डॉक्टरांनी पापणीआडून एक कुसळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. स्वच्छ पाण्यानं निघालं असतं, म्हणाले. बुबुळ तोवर पांढरंफटक पडलं होतं. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "ह्येनं तंबाखू मारली, सायेब. मी नगं म्हणत हुतो." थोरल्या भावाला परक्यासमोर खोटं पाडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आठवड्यानं तो डोळा काढावा लागला.

त्यानंतर झिपरी माझ्या हाताला कधी आली नाही. पिंक कुणाची, ते तिला कळलं नसावं. डोकं धरणारे हात कळले. ती दादाच्या पायाशी झोपायची. आणि दादा जाणकार झाला. डॉक्टरांचं बोलणं त्यानं पाठच केलं होतं. डोळा लाल दिसला, चिपडं वाढली, बुबुळावर पांढरट आलं की त्याच दिवशी दवाखाना. गवतातून आलं की आधी डोळे बघायचे, डोळ्यांवर येणारे केस कापायचे, माणसाचं औषध घालायचं नाही. रोज सकाळी गल्लीतली कुत्री त्याच्या पायरीवर जमायची. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घेऊन तो पुसायचा. नवं कुणी आलं की माझ्याकडे बोट करायचा, "आमच्या मास्तरानं कुत्रीचा डोळा घालवला, तवापासनं शिकलो." मी त्याचा द्वेष केला, हे आज लिहून टाकतो. कितीतरी डोळे त्यानं वाचवले, हेही खरं.

यंदा दादाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वहिनी त्याच्या डोळ्यात थेंब घालायच्या. त्याचं डोकं थरथरायचं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. "घट्ट धर की," दादा म्हणाला. मी धरलं. थेंब पडल्यावर मिटल्या डोळ्यांनीच तो हळू बोलला, "लई वरडली रं त्या दिशी झिपरी..."

एक हुंकार दिला असता तरी तो पुढचं बोलला असता. मी दिला नाही. त्याला तसंच अडकून राहू द्यायचं होतं मला. चौथ्या दिवशी तो गेला.

परवा सकाळी वहिनींकडे गेलो, तर पायरीवर एक तांबडी कुत्री बसली होती, डोळे चिपडांनी भरलेले. दादाची कापसाची डबी खिडकीत होती तिथंच होती. पाणी उकळून गार होईपर्यंत ती कुत्री हलली नाही. मी बोळा भिजवून आलो, तशी तिनं सवयीनं मान वर केली. डोकं धरायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

"वहिनी," मी हाक मारली, "तुम्ही धरा."