वीतभर अलीकडे

काठी उगारली की ती डोळे मिटायची. आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणायची, "आवं बाई, लागंल की वं तिला!"

तिला म्हणजे समोर उभ्या असलेल्या तिच्या लेकीला. कुंडलच्या शाळेच्या मैदानावर मी संध्याकाळी आया-लेकींना लाठी शिकवते. जोडी घरातलीच, हा माझा नियम. आईने वार करायचा, लेकीने अडवायचा. बाकीच्या आया घरातला सगळा राग तेव्हाच काढून घेत. हिची काठी मात्र लेकीच्या डोक्याच्या वीतभर अलीकडे थांबायची. डोळे मिटूनही बरोब्बर वीतभर! एवढं कसब मलाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी भित्री बाई लाठी शिकायला आलीच कशाला? भीतीनेच आली होती. नवरा फौजेत, घर मळ्यात. एसटीतून उतरून लेकीला उसामधल्या वाटेने चालत यावं लागे, आणि काही दिवसांपासून एक मोटारसायकल तिच्या मागे सावकाश येत होती.

"बोलत न्हाई, काय न्हाई. नुसता मागनं येतोय," ती मला म्हणाली. "त्येचंच लय भ्या वाटतं."

ती वाट मला ठाऊक आहे. ऊस वाढला की तिथे बैलगाडीसुद्धा दिसत नाही.

एकदा मी स्वतःच लेकीसमोर उभी राहिले आणि वार केला. पोर आपली हसत उभी, काठी खालीच! वार खांद्यावर बसला आणि ती मटकन खाली बसली. आईची काठी कधी लागतच नाही, मग अडवायची कशाला, अशी तिच्या हातांना सवय झाली होती.

मी खवळले. "तुम्ही हातचं राखून मारता, आणि ही हात वर करायचं विसरली! तो गाडीवाला वीतभर अलीकडे थांबणार आहे का?"

ती पांढरीफटक पडली. लेकीचा खांदा चोळून दिला आणि काठी उचलली. "ऊठ गं. आडव."

डोळे उघडे होते, त्यांतून पाणी वाहत होतं. खाडकन आवाज झाला. लेकीने वार अडवला होता. त्यानंतर आई रोज रडत रडत मारायची. मला तिची फार माया वाटायला लागली.

मग एका संध्याकाळी दोघी आल्याच नाहीत. फोन लागेना. मी काठी घेऊन उसाच्या वाटेला लागले. जीव थाऱ्यावर नव्हता. वळणावर काहीतरी हललं, आणि हाक मारायच्या आत डोक्यावर वार आला. काठी आडवी धरली म्हणून वाचले. अंगठा मात्र दोन काठ्यांमध्ये सापडून मोडला.

"बाई? आवं, तुमी व्हय!" तीच होती. तिच्या पाठीला पाठ लावून लेक उभी, काठी उगारलेली. "त्येनं गाडी आडवी घातली. हिनं हातावर दिली ठेवून, तवा पळाला. मला वाटलं, परत आला... लागलं का वं?"

"लागलं," मी म्हणाले आणि तिला जवळ घेतलं.

पोलिसांत कळवलं, पण तो सापडला नाही. मग ती लेकीला घेऊन साताऱ्याला राहायला गेली. मैदानावर तिच्या जागी आता कुणीकुणी उभं राहतं.

माझा अंगठा वाकडाच जुळला. नव्या एखाद्या आईची काठी वीतभर अलीकडे थांबायला लागली, की मी ओरडत नाही. तिला जवळ बोलावते, त्या मायलेकींची गोष्ट ऐकवते आणि तो अंगठा चाचपून बघायला सांगते.