परटीण आली का?

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं म्हणतात. कुणी मोजलेत हे दिवस? माझ्या सासूनं बावीस वर्षं घेतली आणि माझ्या वाट्याला आले एक्केचाळीस दिवस. ते मी कसे वापरले ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

सासूचं नाव कुसाबाई. तोंडावर आत्याबाई, पाठीमागे म्हातारी. सायखेड्याजवळ नदीच्या अंगाला आमचा मळा आहे, तीन एकर द्राक्षबाग, बागेला लागूनच घर. मागच्या दाराला ओटा, ओट्यासमोर अंगण, अंगणात जनावरांचा हौद आणि पुढं बागेच्या रांगा. त्या ओट्यावर म्हातारी बसायची. पाय पसरून, पदर डोक्यावर, तोंड समोर. काम करत नव्हती असं नाही. लसूण सोलायची, वाती वळायची, पण हात आपले हलत राहायचे आणि लक्ष सगळं पाखरांवर.

माझं माहेर नाशिकचं, सिडकोतलं. लग्न होऊन आले तेव्हा चिमणी, कावळा आणि पारवा एवढीच पाखरं मला ठाऊक. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बारावी शिकली म्हनं. हिला साळुंकी वळखू येत नाय." पण तिचं ऐकून ऐकून, शिव्या खात खात, मी सगळी शिकले. नवरात्रात आभाळ निवळतं, गवत पिवळं पडायला लागतं, तेव्हा विजेच्या तारांवर वेडे राघू ओळीनं बसतात. कोजागिरी झाली की परटीण येते. दिवाळीत दव पडायला लागलं की नदीवर चक्रवाक ओरडतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे.

परटीण म्हणजे मुठीएवढं पाखरू. काळं-पांढरं, आणि शेपटी सारखी खालीवर, परटानं कपडे आपटावेत तशी. कुठून येते देव जाणे, थंडीपुरती येते आणि शिमग्याच्या आसपास निघून जाते. आमच्या घरात तिला फार मान. ती अंगणात उतरल्याशिवाय ऑक्टोबरची छाटणी होत नाही. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत, परटीण आली म्हणजे पाऊस संपला, मगच वेलीला कात्री लावायची. आणि ती आली की नाही हे सांगायचं फक्त कुसाबाईनं. सासरे गेले, शेती लेकाच्या नावावर झाली, स्वयंपाकघर माझ्या हातात आलं. म्हातारीकडं एवढा एकच शब्द उरला होता. तिनं "आली" म्हटलं की तीन एकर बाग हलायची. वर्षातून एकदा का होईना, सगळं घर तिच्या तोंडाकडं बघायचं.

आता ती कशी होती तेही ऐका, नाहीतर म्हणाल सूनच कैदाशीण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चौथ्या महिन्यात माझं पोट पडलं. सहाव्या दिवशी हिनं मला बागेत पाठवलं, छाटलेल्या वेलींच्या डोळ्यांना कोंब फुटायची पेस्ट लावायला. "शहराच्या पोरी लय नाजूक," म्हणाली. मी रांगेतच डबा घेऊन खाली बसले, उठता येईना. त्याच दिवशी संध्याकाळी होल्याचं एक पिलू ओट्याखाली पडलं होतं, तर ते हिनं पदरात घेतलं, भिजवलेली डाळ एकेक करून चोचीत भरवली आणि मला म्हणाली, "उज्वले, हळू चाल, दचकतंय ते." हळू चाल! आमचे मालक, दीपक, तिचाच लेक. आईपुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की म्हातारीला दिसत नाही. चहा बशीच्या बाहेर ओतला आणि रिकामी बशी तोंडाला लावली. मी मुद्दाम चप्पल काढून तिच्यासमोरून गेले, तिला पत्ता नाही. मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही, मीही नाही सांगितलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ओट्यावर बसणं तसंच, आणि दोन्ही वर्षं "परटीण आली" म्हणून सांगणंही तसंच. मला वाटायचं, अंदाजानं ठोकून देते.

यंदा परतीचा पाऊस लांबला. कोजागिरी झाली आणि पेठकडची छाटणीची टोळी येऊन मळ्यात उतरली. त्यांची मुकादम नवसाबाई कामाला वाघीण, पण थांबायला तयार नाही. "दुसऱ्या बागा वाट बघतात, ताई," रोज तेच. मोबाईल सांगत होता, आता पाऊस नाही. मालक सकाळी उठून ओट्याशी जायचे, "आई, आली का?" म्हातारी म्हणायची, "नाय आली. थांब." असे तीन दिवस गेले, चौथा उजाडला. पंधरा माणसं अंगणात बसून, त्यांचं पाणी, सरपण, चहा माझ्या डोक्यावर. माझं डोकं फिरलं.

घरात कापडाच्या दुकानाची एक काळी-पांढरी कॅरीबॅग पडली होती. ती घडी घालून मी हौदाच्या काठावर दगडाखाली दाबली, एक टोक बाहेर ठेवलं. वाऱ्यानं ते टोक खालीवर व्हायला लागलं. मग सगळे चहाला जमले तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, हौदावर कोण बसलीये बघा. परटीणच ना?"

सगळे हौदाकडं बघायला लागले. म्हातारीनं मान जराशी कलती केली आणि तशीच राहिली. मला वाटलं, डोळे ताणतेय. "बघा की," मी म्हणाले, "समोरच आहे. शेपटी हलवतेय." तिच्या हातातला लसूण खाली पडला.

"हां," ती म्हणाली. "तीच. आली."

मालक उठले, हौदाशी गेले आणि पिशवी उचलून आणली. आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं ती बोटांनी चाचपली, प्लास्टिक चुरचुरलं. टोळीतली एक बाई फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. नवसाबाईनं त्यांना दटावलं, पण तीही हसतच होती. मीही हसले. खरं सांगते, या घरात आल्यापासून इतकी मोकळी मी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कात्री लागली. आता तुम्हाला वाटत असेल, म्हातारीचा शब्द मोडला, पाऊस पडला आणि बाग गेली. तसलं काही झालं नाही हो. थेंब पडला नाही. वेलींचे डोळे फुटले, घड सुटले, बाग अशी लागली की शेजारपाजारचे बघायला आले. मालक म्हणाले, "उगाच इतकी वर्षं थांबत बसलो." हे तिच्या ऐकण्यात म्हणाले.

म्हातारीनं आपणच खाट मधल्या खोलीत टाकायला लावली. मालक म्हणाले, "आई, नाशिकला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणू." ती म्हणाली, "आता काय बघायचंय?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रिकाम्या ओट्यावर मी फवारणीच्या औषधाच्या कॅन रचल्या.

छाटणी होऊन पाच दिवस झाले. वसुबारसेच्या सकाळी मी अंगणात भांडी घासत होते आणि ती उतरली. खरी परटीण. सांडपाण्याच्या ओल्या मातीवर तुरुतुरु चालत, किडे टिपत, माझ्यापासून हातभर अंतरावर आली. मला इतका आनंद झाला की पातेलं हातात तसंच राहिलं. तोवर मला ठाऊकच नव्हतं की मीही तिची वाट बघत होते. चहा घेऊन आत गेले तर म्हातारी म्हणाली, "उज्वले, परटीण आली का गं?"

बावीस वर्षांत तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. हुकूम सोडले होते फक्त.

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. थंडी वाढली, सकाळी बोअरच्या पाण्यातून वाफा निघायला लागल्या, बागेवर धुई उतरायची आणि त्या धुईतून नदीवरच्या चक्रवाकांचा आवाज यायचा. परटिणी एकीच्या चार झाल्या. मी भांडी घासता घासता त्यांच्याकडं बघत बसायचे आणि आत जाऊन "नाही" म्हणायचे. कधीकधी तिनं विचारायच्या आधीच म्हणायचे. ती "बरं" म्हणायची आणि चाचपत बशी घ्यायची. दोन-तीनदा वाटलं, सांगून टाकावं, म्हातारं माणूस आहे. पण मग तो पेस्टचा डबा आठवायचा आणि वाटायचं, राहू दे, कळू दे तिलाही. गोड लागत होतं मला ते.

एक्केचाळिसाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, माझी नणंद झुंबर ओझरहून आली. वांग्याच्या भरिताचा नैवेद्य झाला, जेवणं झाली, ती आईच्या खाटेशी जाऊन बसली. मी चहा घेऊन दाराशी पोचले तेवढ्यात बाहेरून बारीक आवाज आला, चिझिक, चिझिक.

म्हातारी म्हणाली, "ऐक. परटीण."

"आली का औंदाबी?" झुंबरनं विचारलं.

"वसुबारसंलाच आली. सकाळी, उज्वला भांडी घासत व्हती तव्हा. पैलं परटीण वरडली, मंग पातेल्याचा आवाज थांबला. आता चार हायेत."

मी चौकट धरून उभी राहिले. म्हणजे दोन्ही वर्षं म्हातारी अंदाज ठोकत नव्हती, कानानं सांगत होती. त्या दिवशी तिनं मान कलती केली ती ऐकायला. ऐकू काहीच आलं नाही, आणि तरी पंधरा माणसांपुढं "मला दिसत नाय" म्हणण्यापेक्षा ती खोटं बोलली.

"मग दादाला नाय सांगितलं?" झुंबर म्हणाली.

"त्याला काय करायचंय आता." म्हातारी म्हणाली. "उज्वलेला इचारते मी रोज. ती नाय म्हनती. म्हटलं, बघू कवा व्हय म्हनती."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिच्या शिव्यांची मला सवय होती. झुंबरला यातलं काही उमगलं नाही, ती आपल्या सासरचं गाऱ्हाणं सांगायला लागली. मी चहा ठेवला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं विचारलं नाही. चहा प्यायली, बशी परत दिली. मी तिथंच उभी राहिले. शेवटी मीच म्हणाले, "आत्याबाई, परटीण आलीये. हौदाशी चालतेय."

तिनं भिंतीकडं कूस वळवली. "दीपकला धाड," ती म्हणाली. "जाऊन हातात घिऊन बघंल."

त्या दिवशी मी ओट्यावरच्या कॅन हलवल्या, ओटा धुतला, खाट बाहेर काढते म्हणाले. ती नको म्हणाली. शिमगा झाला, परटिणी गेल्या. म्हातारी आहे अजून. जेवते, झोपते, भाजीत मीठ जास्त झालं तर सांगते. पाखराचं नाव मात्र माझ्यापुढं काढत नाही. सकाळी भांडी घासताना एखादं पाखरू ओरडलं की मी हात थांबवते आणि आत कान देते, ती काही विचारते का म्हणून. ती काही विचारत नाही.