गेटवर काय सांगायचं

पद्माबाई साखऱ्याहून सेनगावात येऊन खोली करून राहिली, ती लेकीच्या, सपनाच्या शाळेसाठी. तिचा नवरा रत्नपाल गावी शेती बघायचा आणि शनिवारी जीपने ज्वारी घेऊन यायचा. ती दिवसभर लोकांच्या रानात निंदायची आणि शाळा सुटायच्या आधी गेटवर हजर व्हायची. खुरपं पिशवीत तळाला, वर टॉवेल.

गेटवर बाया आपल्या लेकरांची वाट कमी पाहायच्या, दुसऱ्यांच्या लेकरांची चौकशी जास्त करायच्या. त्यात पार्वतीबाई पुढे. तिच्या घरचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. तिची साधना आणि सपना चौथीत एकाच बाकावर बसायच्या.

"सपना, पेपर कसा गेला गं?"

"सोपा होता काकू. सगळा आला. सर मला सकाळच्या शिकवणीला बसवणार हायेत, फुकट."

"हुशार हाय हो पोरगी," पार्वतीबाई म्हणाली. "तुमचं बरंय पद्माबाई, तुमाला सवलत बी हाय. मरमर आमच्याच लेकरायला."

बाया हसल्या. पद्माबाईही हसली. न हसून करणार काय होती.

आठवड्याने सर म्हणाले, शिकवणीत आता जागा नाही. सपनाच्या जागी साधना बसली होती.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता पद्माबाईने पोरीला समोर बसवलं.

"गेटवर कोणी इचारलं, पेपर कसा गेला?"

"बरा."

"मार्क किती?"

"म्हाईत न्हाई."

"काही तकलीफ?"

"न्हाई."

"आन् रडू आलं तर?"

"घरी येऊन रडायचं."

"बराबर."

मग सपना गेटवरचं तोंड करून दाखवायची, डोळे अर्धे मिटलेले, ओठ लोंबते. दोघी हसून हसून लोळायच्या. रोजचा खेळच झाला तो. पोरगी भराभर शिकली.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सपना तालुक्यात दुसरी आली. साधनाचा नंबर लागला नाही. "आमाला तर म्हणायची, बरा गेला," पार्वतीबाई गेटवर सगळ्यांदेखत म्हणाली. "लय आतल्या गाठीची हाय तुमची पोरगी."

पद्माबाईने ते वाक्य पेढ्यासारखं घरी नेलं. शनिवारी रत्नपालला दोनदा ऐकवलं.

पुढे सपना औरंगाबादला होस्टेलवर गेली. एका दिवाळीला आली ती निम्मी होऊन. महिनाभर कावीळ होती म्हणाली.

"सांगितलं काहून न्हाई?"

"बरी झाले ना."

मग पुण्याला नोकरी, तिथंच लग्न. जावई चांगला होता. फोन दर रविवारी यायचा आणि दोन मिनिटांत संपायचा.

पद्माबाई अजून सेनगावातच राहायची. २००८ साली एका दुपारी ती बाजारातून येताना शाळेवरून चालली होती. गेटवर पार्वतीबाई उभी. साधनाचं लग्न लवकर झालं होतं, तिचा मुलगा आता याच शाळेत पहिलीत होता.

"पद्माबाई, सपनाचं ऐकून लय वाईट वाटलं," पार्वतीबाई जवळ येऊन म्हणाली. "साधनाला फोन केला तिनं. तासभर रडली म्हणं."

पद्माबाईला काहीच माहीत नव्हतं. पण ती गेटवर उभी होती, आणि आजूबाजूला बाया होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी केला होता."

"आता कशी हाय?"

"बरी हाय."

घरी आल्या आल्या तिने फोन लावला.

"कशी हायेस, बाई?"

"बरी आहे."

"काही तकलीफ?"

"नाही गं."

डोळे अर्धे मिटलेले ते तोंड पद्माबाईला फोनमधून स्पष्ट दिसलं.

"सपना, रडू आलं तर घरी यायचं असतं. आपलं ठरलं होतं."

सपना म्हणाली, "ऑफिसात आहे गं माय. ठेवते."

दुसऱ्या दिवशी पद्माबाई घंटेच्या आधीच गेटवर जाऊन थांबली. पार्वतीबाई दिसताच तिच्यापुढे गेली. कोण ऐकतंय ते पाहिलं नाही.

"मी काल खोटं बोलले. मला सपनानं काहीच सांगितलं न्हाई. काय झालं माझ्या लेकराला?"

पार्वतीबाईने तिच्याकडे पाहिलं, मग बायांकडे, आणि तिचा हात धरून तिला भिंतीच्या कडेला नेलं.

"तुमाला खरंच न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"दिवस गेले होते तिला. पाचवा लागला होता. राहिलं न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे दुसऱ्यांदा, बाई."

घंटा झाली. पोरं बाहेर सांडली. पार्वतीबाईचा नातू दप्तर ओढत, सगळ्या गेटला ऐकू जाईल असं ओरडत आला, "आजी, माझी दोन गणितं चुकली."

"चुकू दे," पार्वतीबाई म्हणाली. पद्माबाईचा हात तिने सोडला नाही.