समोनच्या शेजारची जागा

दुआंगताचं खाओ प्याकचं दुकान आमच्या गावात विहाराच्या वाटेवर आहे. तांदळाच्या जाड शेवया, कोंबडीचा रस्सा, वरून तळलेला लसूण. आईच्या हाताखाली शिकली आणि आईनंतर तिनंच ते चालवलं. माझं घर तिच्या पाठीमागे, त्यामुळे तिचं बरंवाईट मला न विचारता कळतं.

समोन तिची लहानपणापासूनची मैत्रीण. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की सणाला मेकाँगवर होड्यांची शर्यत असते, आणि गावच्या बायकांच्या होडीत समोन ऐन विशीपासून वल्हं मारायची. दर वर्षी सराव सुरू व्हायच्या आधी ती दुआंगताला म्हणायची, चल या वर्षी. दर वर्षी हिच्याकडे कारण तयार. लेकरू अंगावर पितंय, आई अंथरुणाला खिळलीय, दुकान कोण बघणार. त्या वर्षी मात्र समोन दुकानातल्या बाकावर बसून म्हणाली, "पोरीला व्हिएनतियानला बाळ झालंय. सण झाला की मी तिकडेच राहायला जाणार. एकदा तरी माझ्या शेजारी बस की गं."

दुआंगता हो म्हणाली. वय शेहेचाळीस, पण भलंमोठं पातेलं रोज एकटीनं चुलीवरून उतरवणारी बाई. ताकदीची काळजी तिला नव्हती.

सराव घेणारे विसेतकाका स्वतः जुने वल्हेकरी. नव्या बायकांना ते म्हणाले, पहिले काही दिवस वल्हं नुसतं पाण्याला लावा, जोर नंतर. दुआंगतानं ऐकलं, पण समोनच्या शेजारी बसून हळू मारायची तिला लाज वाटली. समोन मारेल तसं ती मारत गेली. होडीतून उतरली ती हसतच, आणि घरी येऊन टोपलीभर चिकट भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अंग जरा जड वाटलं, एवढंच. त्या दिवशीही ती गेली आणि तसंच जोरात वल्हं मारून आली. त्याच्या पुढच्या सकाळी मात्र पातेल्याचं झाकणसुद्धा उचलेना. केस विंचरायला हात डोक्यापर्यंत पोचेना, आणि खाली बसलं तर उठताना दाराची चौकट धरावी लागे. तिचा नवरा बुनलोत गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "होडी हिनं ओढली का होडीनं हिला, तेच कळत नाही." सगळे हसले. शेजारची शिंपीण तेवढ्यात सांगून गेली की या वयात शीर तुटली तर हात कायमचा जातो, तिच्या चुलतीचा गेला.

दुआंगता घाबरली. हात गेला तर दुकान गेलं. पण भीतीपेक्षाही तिला वेगळंच सलत होतं. समोन तिच्याच वयाची, इतकी वर्षं ओढते आहे, आणि आपण दोन दिवसांत गळालो. हे तिला समोनला दाखवायचं नव्हतं. तिनं ताप आल्याचा निरोप धाडला.

संध्याकाळी समोन ओल्या कपड्यांनीच आली. हातात गवती चहा आणि आंबेहळदीची वाफवलेली पुरचुंडी. दुआंगता मच्छरदाणीत शिरली आणि नवऱ्याला खुणेनं म्हणाली, झोपलेय म्हण. आमच्या घरांच्या भिंती फळ्यांच्या. तिला सगळं ऐकू येत होतं.

"ताप आहे म्हणे," समोन म्हणाली. "असू दे. ही पुरचुंडी तिच्या खांद्यांवर दाबा. आणि उठली की सांगा, अंग आंबलंय म्हणजे काही तुटलेलं नाही. पहिल्या वर्षी मी तर रडले होते. निजून राहिली तर आणखी आखडेल. उद्या नुसती येऊन बस म्हणावं, तिच्या वाटचं मी ओढीन."

दुआंगतानं ती पुरचुंडी खांद्यांवर धरली. बरंही वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी गेली नाही. गेलं तर ताप कुठे गेला ते सांगावं लागलं असतं. एक दिवस असा गेला, मग आणखी एक, मग आणखी.

एका सकाळी तिनं पातेलं खाली उतरवलं आणि मग लक्षात आलं की काहीच दुखलं नाही. बसून बघितलं, उठून बघितलं. हात वर केले. दुखणं न सांगता निघून गेलं होतं. दुकान लेकीवर टाकून ती नदीवर गेली. समोनच्या शेजारी शाळेतली नवी मास्तरीण बसली होती. विसेतकाका रागावले नाहीत. म्हणाले, "आता तोल जमलाय होडीचा. कुणाला उठवू, तूच सांग." समोननं होडीतून हात हलवला. दुआंगतानंही हलवला.

शर्यतीच्या दिवशी तिनं काठावर दुकान मांडलं होतं. आमची होडी आली तेव्हा तिच्या हातात कुणाची तरी वाटी होती. ती देऊन कडेला पोचेपर्यंत होडी पुढे गेलेली. तिला फक्त पाठी दिसल्या, त्यातली समोनची कुठली ते ओळखता आलं नाही. शर्यतीत आमचा दुसरा नंबर आला.

समोन गेली त्या दिवशी बसच्या थांब्यावर मीही होते. सामान चढवून झाल्यावर समोन म्हणाली, "ताप नव्हता ना तुला?"

"नव्हता."

"मला माहीत होतं. दुखतंय म्हणाली असतीस तर मी रोज येऊन हात चोळले असते गं. तापाला मी काय चोळणार?"

 बस सुटली.

पुढच्या वर्षी ती स्वतःहून होडीत बसली. पहिले दिवस काकांनी सांगितलं तसं वल्हं नुसतं पाण्याला लावलं. अंग आंबलं, पण तशीच जात राहिली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोकळी झाली. इतकं सोपं होतं ते, असं मला म्हणाली, आणि मग बराच वेळ कांद्याची पात चिरत बसली. शेजारी मास्तरीण असते. चांगली मुलगी आहे, पण ओढताना बोलत नाही.

समोन येते म्हणते आणि राहून जातं. नातवाला ताप, मग दुसरा नातू. मागच्या सणाला फोनवर दुआंगतानं विचारलं, या खेपेला येतेस का, विसेतकाका जागा देतील. समोन हसली. गुडघे गेलेत म्हणाली, जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागतं, आता मला होडीत कोण घेणार. मग मागे पोर रडायला लागलं आणि तिनं फोन ठेवला. दुआंगतानं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. सरावाला अजून वेळ होता, तरी ती लवकरच नदीवर गेली.