ताईला शहर दाखवताना

शहरदर्शनाच्या बसवर तो गाइड होता आणि कंपनीत त्याला सगळे भोंगा म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, पण त्याला त्याचा राग कधी आला नाही, उलट थोडा अभिमानच होता. माईक बिघडला तरी शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या आजोबांना राजवाड्याचा इतिहास ऐकू जाई, असा त्याचा आवाज होता. ड्रायव्हर म्हणायचा, "भोंग्या, तू बोलत असलास की हॉर्न वाजवायची गरज पडत नाही."

रोज सकाळी नवी माणसं यायची आणि रोज तोच प्रश्न विचारायची, एका दिवसात काय काय बघता येईल? भोंग्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते चांगलं उत्तर होतं. "सगळं बघायचं मनातसुद्धा आणू नका. एका उंच जागेवरून शहर बघा, एक जुनी वास्तू बघा आणि एका बाजारात पाय दुखेपर्यंत हिंडा. बाकीचं शहर कुठे पळून जात नाही. सगळं बघून गेलेल्या माणसाला घरी गेल्यावर फक्त बसच्या पायऱ्या आठवतात." लोक हसायचे, माना डोलवायचे आणि उतरताना त्याच्याशी हात मिळवायचे.

पण ताई येणार म्हटल्यावर गडी सगळं शहाणपण विसरला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो नीट बोलायलाही लागला नव्हता. ताई दूरच्या एका छोट्या गावातल्या इस्पितळात आया म्हणून लागली, इस्पितळामागच्या एका खोलीत त्याला घेऊन राहिली आणि तिनं त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न, संसार हे विषय तिनं काढले नाहीत आणि दुसऱ्यांनी काढले तर "बघू पुढं" म्हणत राहिली, ते 'पुढं' कधी आलंच नाही. आता ती निवृत्त होणार होती आणि ती खोली सोडावी लागणार होती. भोंग्यानं फोनवर सांगून सांगून तिचे कान किटवले होते, की आता आमच्याकडेच ये, कायमची. ताई हो म्हणेना, नाहीही म्हणेना. शेवटी म्हणाली, "आधी तुझं शहर बघते. मग सांगते."

एवढं एक वाक्य आणि एका मुक्कामाची रजा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती. म्हणजे शहर आवडलं तर ताई कायमची येणार, नाहीतर म्हातारपणी कुठल्यातरी परक्या घरात भाड्यानं एकटी पडणार, असा हिशोब भोंग्यानं मनाशी मांडला आणि त्याला झोप लागेना. टेकडीपासून मत्स्यालयापर्यंत सगळं शहर एका दिवसात ताईला दाखवायचं, असं त्यानं ठरवलं.

बायको म्हणाली, "अहो, त्या इथे राहायला जमेल का ते बघायला येतायत. त्यांना दूध कुठे मिळतं, दवाखाना कुठे आहे ते दाखवा. मत्स्यालयात राहायचंय का त्यांना?"

"तुला काय कळतंय," भोंगा म्हणाला. हे तो तिला नेहमी म्हणायचा, आणि तिला बरंच काही कळत असायचं.

ताई आली ती एक कापडी पिशवी खांद्याला लावून. शिडशिडीत, चटपटीत बाई. वॉर्डात धिप्पाड पेशंटना कुशीवर वळवणारे तिचे हात. पण स्टेशनबाहेरच्या गर्दीत रस्ता ओलांडताना तिनं भावाच्या शर्टाची बाही धरली. भोंग्याला ते फार गोड वाटलं. लहानपणी तो तिचं बोट धरून चालायचा, आता ती त्याच्या आधारानं चालत होती. त्याच्या मनात आलं, झालं, निम्मं काम फत्ते.

त्या दिवशी बस भरलेली होती. सगळ्या सीटांची तिकिटं गेलेली. म्हणून त्यानं ताईला स्वतःच्या जागेवर बसवलं. दाराजवळ गाइडसाठी एक घडीची खुर्ची असते, भिंतीला टेकवून मिटता येते अशी. तो तिच्यावर कधी बसायचाच नाही, माईक घेऊन प्रवाशांकडे तोंड करून उभाच असायचा. ताई तिथं मांडीवर पिशवी घेऊन बसली आणि शहर सुरू झालं.

टेकडी झाली. संग्रहालय झालं. तिथे त्यानं ताईला सगळी दालनं पळवत पळवत दाखवली, कारण मधल्या वेळात त्याला तिला शेजारचा मनोराही दाखवायचा होता. ताई म्हणाली, "अरे, हे भांडं जरा नीट बघू दे ना."

"भांड्यात काय बघायचंय! पुढं याच्यापेक्षा मोठं आहे."

मोठं भांडं आलं तेव्हा ताईनं ते बघितलं आणि "हो, मोठं आहे" म्हणाली.

राजवाड्याशी बस थांबली तेव्हा तिचे पाय दुखत होते हे कोणालाही दिसलं असतं. भोंग्याला दिसलं नाही. तो माईकवर शेवटच्या राणीची गोष्ट रंगवत होता आणि मधूनच ताईकडे बघून, कसं काय, अशी भुवई उडवत होता. राजवाडा बघून झाल्यावर सगळे पाणी प्यायला, हातपाय धुवायला पांगले. ताईनं पिशवी खुर्चीवर ठेवली, पैशांचा लहानसा बटवा तेवढा हातात घेतला आणि बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेली. तिथं रांग होती.

आता भोंग्याची एक पद्धत होती. बस सोडण्याआधी तो मधल्या वाटेनं पुढून मागे जायचा आणि प्रत्येक सीटच्या पाठीवर हात आपटत डोकी मोजायचा. इतकी वर्षं त्यानं एकही प्रवासी मागे टाकला नव्हता, हे तो कुणीही न विचारता सांगायचा. त्या दिवशीही त्यानं मोजलं. जेवढी तिकिटं तेवढी डोकी, सगळी बरोबर. मग तो पुढे आला, माईक उचलला, पाठ दाराकडे, तोंड लोकांकडे. "चला उस्ताद!" ड्रायव्हरनं बस सोडली. घडीच्या खुर्चीचं तिकीट नव्हतं, म्हणून ती मोजणीत नव्हती. ती कधीच मोजणीत नसायची.

पुढचं ठिकाण नदीवरचा पूल. ताईनं सकाळीच विचारलं होतं, नदी दिसेल का रे? म्हणून पुलावरचं सगळं बोलणं त्यानं आज खास तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. बस पुलावर चढली, उजव्या हाताला पाणी चमकलं आणि तो गर्रकन वळून म्हणाला, "ताई, ही बघ तुझी नदी!"

खुर्चीवर कापडी पिशवी होती.

त्यानं ताईला फोन लावला. पिशवीतला फोन वाजू लागला. माईक चालूच होता, त्यामुळे ती घंटी सगळ्या बसनं ऐकली.

पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंना आधी उमगलं. "तुमच्या त्या ताई राहिल्या का मागे?"

ड्रायव्हरनं बस कडेला घेतली. "तू जा," तो म्हणाला. "ह्यांना बाजारात मी सोडतो. काय सांगायचं ते मला पाठ आहे, रोज ऐकून ऐकून." कोणी तक्रार केली नाही. वयस्कर बाईंनी तर पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पळा."

टॅक्सी राजवाड्याशी पोहोचली तेव्हा फाटकात ताई नव्हती. बागेत नव्हती, पाण्याच्या टाकीशी नव्हती. स्वच्छतागृहाशी बसलेली बाई म्हणाली, "होत्या की एक बाई. बराच वेळ इथं उभ्या होत्या. मग गेल्या कुठंतरी." भोंग्यानं "ताई!" अशी हाक मारली. ज्या आवाजाला माईक लागत नसे, तो आवाज मधेच चिरकला आणि दोन-चार माळी तेवढे वळून बघू लागले.

चौकीवरच्या शिपायानं शांतपणे विचारलं, "काय घातलंय त्यांनी? रंग कुठला?"

राजवाड्याच्या दारावरच्या सिंहांपैकी कुठल्याचा कान तुटलाय हे भोंगा झोपेत सांगू शकला असता. सकाळपासून ताई त्याच्यासमोर बसली होती. तिनं काय घातलंय ते त्याला आठवेना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो चौकीच्या पायरीवर मटकन बसला आणि रडायला लागला. शिपाई बिचारा घाबरला. त्यानं त्याला पाणी दिलं आणि "सापडतील हो, मोठ्या माणसानं असं रडू नये" म्हणत राहिला. मोठ्या माणसाला रडू येतं ते असल्याच गोष्टीनं, पण हे त्याला कोण सांगणार?

पुढचे दोन तास त्यानं राजवाड्याभोवती शोधण्यात घालवले, पण बायकोला फोन करायची त्याला हिंमत होत नव्हती. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"अहो, ताई घरी आल्यात."

"घरी? कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? आपल्या! चहा पितायत. तुम्ही त्यांना विसरलात म्हणे."

घरी पोहोचला तेव्हा ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून शेंगा सोलत होती आणि सकाळपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होती. भोंग्यानं पिशवी खाली ठेवली. "ताई, मी मोजलं होतं गं," एवढंच तो म्हणाला.

"मोजलं असशील. माझं तिकीट नव्हतं ना," ताई म्हणाली. ती सहज म्हणाली, टोमणा म्हणून नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"कशी आलीस?"

"साध्या बसनं. पत्ता मला पाठ आहे, इतकी वर्षं तुला पार्सलं पाठवतेय, माझ्याच हातानं लिहून. आधी घाबरले, खोटं कशाला सांगू. मग एका पोरीला विचारलं, तिनं बस सांगितली. चुकीची सांगितली. मग दुसरीत बसले. खिडकीशी जागा मिळाली. काय सुंदर शहर आहे रे तुझं! नदी बघितली मी, पुलावर बस अडकली होती तेव्हा पोटभर बघितली. कुणी बोलत नव्हतं."

भोंग्याची बायको खुदकन हसली आणि पटकन पातेल्याकडे वळली.

"ताई, मला माफ कर," भोंगा म्हणाला. "आता तू इथे यायचं नावसुद्धा काढणार नाहीस, मला माहितेय."

ताईनं शेंगांची टोपली बाजूला सरकवली. "खरं सांगू? सकाळी रस्ता ओलांडताना तुझी बाही धरली ना, तेव्हाच मनात ठरवलं होतं, की इथे नाही राहायचं. म्हटलं, इथे राहिले तर उरलेला जन्म असाच जाईल, ह्याची बाही धरून. तू मागे टाकून गेलास म्हणून मला कळलं, की एकटीला जमतंय."

"म्हणजे येणार तू?" भोंग्याचा चेहरा उजळला. "आतली खोली तुलाच देऊ. उद्याच पलंग बघतो."

"शहरात येणार," ताई म्हणाली. "तुझ्याकडे नाही. घराअलीकडच्या स्टॉपवर उतरले मी, चुकून. तिथे शिंप्याच्या दुकानावर खोली भाड्यानं आहे, पाटी लावलीय. वर जाऊन बघून आले. उजेड चांगला आहे. मालकीणबाईंना सांगून आले, पुढच्या महिन्यात येते म्हणून."

इतकी वर्षं भोंग्यानं मनात एकच गोष्ट जपली होती, की एक दिवस ताईला आपल्या घरी आणायचं, बसवून ठेवायचं, तिचं काही करायचं. ती गोष्ट ताईनं अशी शेंग सोलावी तशी सोलून बाजूला ठेवली होती. त्याला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

"लोक काय म्हणतील, ताई? भाऊ इथे असताना बहीण भाड्याच्या खोलीत?"

"म्हणू देत. तुम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे जेवायला या." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "पण येताना आधी फोन करून या. मी घरी असेनच असं नाही."